हंसनर्तिका ॲना पावलोवा

हंस मरणापूर्वी एकदाच गातो, अशी युरोपात एक फार जुनी समजूत आहे. आपल्याकडच्या कवींनी हंसाला दूध आणि पाणी वेगळे करण्याचे काम दिले. तिकडच्यांनी त्याच्या गळ्यात मरणाचे गाणे घातले. त्या समजुतीला जिने गळ्याऐवजी पायांनी रूप दिले आणि पुढे हंसावाचून जिची आठवणच लोकांना होईनाशी झाली, ती नर्तिका म्हणजे ॲना पावलोवा.

बॅले हा शब्द आता आपल्या कानांना परका राहिलेला नाही. पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहिलेली, शुभ्र जाळीदार झग्यातील नर्तिका चित्रांतून, चित्रपटांतून, अगदी किल्ली दिल्यावर गाणे वाजवणाऱ्या डबीवरील बाहुलीतूनही सर्वांच्या परिचयाची झाली आहे. परंतु या बाहुलीला जगभर पोचवणाऱ्या बाईचे आयुष्य फारसे कोणाला माहीत नसते. त्या आयुष्याचा एक धागा आपल्या देशातील नृत्याशी गुंतलेला आहे, आणि त्याचे एक टोक तर थेट बडोद्यापर्यंत येऊन पोचते, हे अनेकांना नवल वाटावे असे आहे.

गरिबीतील बालपण

ॲनाचा जन्म १२ फेब्रुवारी १८८१ रोजी रशियाच्या सेंट पीटर्सबर्ग या राजधानीत झाला. मूल अपुऱ्या दिवसांचे, अशक्त. आई लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी. वडिलांचे सुख मुलीला लाभले नाही. पावलोव हे आडनाव आईच्या सैनिक नवऱ्याचे. प्रकृती सुधारावी म्हणून मुलीला पुष्कळदा शहराबाहेर लिगोवो या गावी आजीकडे ठेवीत. दारिद्र्य होते, पण आईचा जीव मुलीवर होता. सणासुदीला काहीतरी कौतुकाचे करावे म्हणून एकदा तिने पैसे साठवून आठ वर्षांच्या ॲनाला मारिन्स्की या राजकीय नाट्यगृहात नेले. त्या दिवशी तेथे निद्रिस्त राजकन्येच्या गोष्टीवरील बॅले होता. संगीत चायकोव्हस्कीचे आणि नृत्यरचना वृद्ध फ्रेंच गुरू मारियस पेतिपा यांची. हा बॅले १८९० साली नुकताच रंगमंचावर आला होता. पडदा पडला तेव्हा त्या पोरीने आपले भवितव्य ठरवून टाकले होते. आपण नाचायचे, आणि ते घोळक्यात नव्हे, त्या राजकन्येच्या जागी, असे तिने आईला सांगितले.

झारच्या नृत्यशाळेत प्रवेश मिळणे सोपे नव्हते. पहिल्या खेपेस वय कमी आणि प्रकृती नाजूक म्हणून तिला परत पाठवले. १८९१ साली, दहाव्या वर्षी, तिला तेथे घेण्यात आले. या शाळेची व्यवस्था संस्थानी दरबार पाहिलेल्या घराण्यांना चटकन समजण्यासारखी आहे. विद्यार्थ्यांचे राहणे, जेवण, कपडे, शिक्षण हा सारा खर्च झारच्या खजिन्यातून होई. शिस्त मठातल्यासारखी. मुलामुलींनी एकमेकांशी बोलायचे नाही, घरी जायचे ते सुट्टीतच. शिक्षण संपले की राजकीय नाट्यगृहात नोकरी, तेथे दरबारी मानकऱ्यांप्रमाणे पायरीपायरीने चढत जायचे, आणि वीस वर्षे सेवा झाली की निवृत्तिवेतन. कलावंताला पोटाची चिंता नाही, पण मर्जी मात्र सांभाळावी लागे. राजाश्रयाचे गुण आणि दोष सगळीकडे सारखेच असतात.

न शोभणारे पाय

ॲनाची अंगलट त्या काळच्या आवडीत बसणारी नव्हती. तेव्हा रशियात इटालियन नर्तिकांचा बोलबाला होता. ठेंगणी, भरीव, पिळदार पायांची देहयष्टी उत्तम समजली जाई. पिएरिना लेन्यानी ही इटालियन नर्तिका एका पायाच्या टोकावर उभी राहून ओळीने बत्तीस गिरक्या घेई, आणि त्यांवर सारे शहर फिदा होते. ॲना किडकिडीत, हातपाय लांब, घोटे बारीक. शाळेतील मुलींनी तिचे नाव केरसुणी ठेवले होते. ते नाव खोडून काढण्यासाठी ती जास्त खाई, माशाचे तेल पिई, आणि चोरून त्या बत्तीस गिरक्यांचा सराव करी.

तिचे गुरू पावेल गेर्ट यांनी तिला या खटपटीत पकडले आणि हे कसरतीचे खेळ दुसऱ्यांसाठी सोडून दे, असे बजावले. तिच्या नाजूक पायांवर तो ताण धोक्याचा आहे आणि तिची शक्ती निराळ्याच ठिकाणी आहे, हे त्यांनी ओळखले होते. गायन शिकवणाऱ्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. एखाद्या मुलीचा गळा आलापीचा असतो, आणि ती बाहेर ऐकलेल्या तानांच्या आतषबाजीमागे धावते. तिला तेथून हाताला धरून परत आणणारा गुरू भेटला तर ती गायिका होते. न भेटला तर गळा फुकट जातो. ॲनाला गुरू भेटला.

तिच्या पायाची आणखी एक अडचण होती. पायाची कमान जास्तच उंच होती. बोटांवर उभे राहिले की शरीराचा सगळा भार अंगठ्यावर येई. बॅलेचा जोडा बाहेरून रेशमी दिसतो. आत मात्र कापडाचे थर खळीने चिकटवून वाळवलेले असतात, आणि त्या कडक टोकात बोटे घट्ट बसवून नर्तिका उभी राहते. त्या काळचे जोडे मऊ असत. ॲनाने आपल्या जोड्याच्या तळाशी टणक चामडे घातले आणि टोक थोडे सपाट व रुंद करून घेतले. ही लबाडी आहे, अशी कुजबूज इतर नर्तिकांत सुरू झाली. तिलाही ते लागले असावे, कारण पुढे आपल्या छायाचित्रांत जोड्याचे टोक खरडून बारीक करवून घेण्याची ती काळजी घेई. परंतु आज जगभर नर्तिका जे जोडे वापरतात, ते तिने दाखवलेल्या वाटेनेच मजबूत होत गेले. ज्याला लबाडी म्हटले गेले, तेच पुढे सर्वांच्या रोजच्या वापरात आले.

१८९९ साली शिक्षण पुरे करून ती मारिन्स्कीच्या संचात दाखल झाली. १९०२ मध्ये तिला ‘ला बायादेर’ या बॅलेतील निकियाची भूमिका मिळाली. आपल्या दृष्टीने ही भूमिका गमतीची आहे. पेतिपाने १८७७ साली रचलेल्या या बॅलेचे कथानक हिंदुस्थानातले, त्यातला राजा गोवळकोंड्याचा, आणि नायिका निकिया ही देवळात नाचणारी देवदासी. पेतिपाने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता आणि संगीतकार मिंकुस हा व्हिएन्नाचा. बायादेर हा फ्रेंच शब्द पोर्तुगीजांच्या बायलादेरा म्हणजे नाचणारी या शब्दावरून आला. गोव्यात देवळांतील नाचणाऱ्या कलावंतिणींना पोर्तुगीज याच नावाने ओळखत. म्हणजे मांडवीच्या तीरावरचा शब्द पॅरिसमार्गे नेवा नदीच्या तीरावर जाऊन पोचला होता, आणि एका धोबिणीची मुलगी कल्पनेतल्या हिंदुस्थानातील देवदासी होऊन नाचत होती. खरा हिंदुस्थान तिला दिसायला अजून वीस वर्षे होती.

१९०३ मध्ये ‘जिझेल’ची भूमिका तिने केली आणि तिची जागा पक्की झाली. प्रियकराने फसवलेली खेड्यातली मुलगी वेडी होऊन मरते आणि मेल्यावरही त्याला वाचवते, अशी ती कथा. वेड लागण्याच्या प्रवेशात ॲना जे करी ते गिरक्यांत मोजता येण्यासारखे नव्हते. १९०६ साली तिला प्रमुख नर्तिकेचा दर्जा मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी रशियात क्रांतीची ठिणगी पडली होती, आणि राजकीय नाट्यगृहातील नर्तकांनीही वेतनवाढ व आपले प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मागून संप पुकारला होता. त्या संपाच्या पुढाऱ्यांत पावलोवाही होती. संप फसला, संपवाल्यांना माफीही मिळाली. पण सेर्गेई लेगात या सहकाऱ्याने, निष्ठेच्या पत्रकावर सही केली म्हणून, मनस्तापाने आत्महत्या केली. दरबारी कलेच्या शांत दिसणाऱ्या दालनातही काय खदखदत होते, हे त्यावरून दिसते.

हंसाचे मरण

त्या संपात तिच्याबरोबर असलेला तरुण नृत्यरचनाकार मिखाईल फोकिन याच्याकडे ती एका मदतीच्या कार्यक्रमासाठी छोटेसे नृत्य मागायला गेली. फोकिनला वाद्याचा नाद होता आणि त्या दिवसांत तो मँडोलिनवर फ्रेंच संगीतकार सँ-साँस याची ‘हंस’ ही रचना बसवत होता. त्यानेच हे संगीत सुचवले. काही मिनिटांत नृत्य उभे राहिले. तो पुढे जाई, ती मागून तेच करी, मग ती एकटी करी आणि तो हाताची ठेवण सुधारी. १९०७ साली ते रंगमंचावर आले.

मूळ रचना १८८६ सालची. प्राण्यांची गमतीदार वर्णने करणाऱ्या एका मोठ्या कृतीतला हा तुकडा. चेष्टा म्हणून केलेली ती कृती छापू नये, असे संगीतकाराने ठरवले होते. हयातीत प्रसिद्ध होऊ दिला तो एवढा ‘हंस’च. त्यात चेलो हे वाद्य प्रमुख असते. आपल्या सारंगीप्रमाणे ते गजाने वाजते, पण आकाराने पुष्कळ मोठे आणि आवाजाने खर्जाकडे झुकणारे. खाली पियानोवर पाण्याच्या लहरींसारखे सूर चालू असतात, आणि त्यांवरून चेलोची लांब, न तुटणारी ओळ सरकत जाते. मिंडेने स्वरावरून स्वरावर जाणारी आलापी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या ओळीचा गोडवा समजावून सांगायला नको.

नृत्य तीन-चार मिनिटांचे. त्यात उडी नाही, बत्तीस गिरक्याही नाहीत. नर्तिका बोटांच्या टोकांवर अतिशय लहान लहान पावले टाकीत येते. पाय इतके जवळजवळ आणि जलद पडतात की ती पाण्यावरून सरकते असे वाटावे. बाकी सारे काम हातांचे, मानेचे आणि पाठीचे. पंख उचलतात, पडतात, पुन्हा उचलू पाहतात. अखेरीस एक पाय पुढे पसरून ती त्यावर मिटते, आणि मनगटांचा थरार थांबला की सारे संपते. नुसत्या कौशल्याने डोळे दिपवणाऱ्या नृत्याने हृदयालाही हात घालावा, हा फोकिनचा आग्रह होता. तो या चार मिनिटांत सिद्ध झाला. पावलोवाने पुढे हे नृत्य हजारो वेळा केले. ज्यांनी ते अनेकदा पाहिले ते सांगत की हंस दर वेळी निराळा मरे. कधी तो झगडून मरे, कधी थकून. बंदिश एकच आणि गाणे रोज नवे, हे आपल्या बैठकीत आपण अनुभवतो, तसेच काहीसे ते असावे.

गावोगावचा मुक्काम

१९०८ पासून ती परदेशी जाऊ लागली. स्टॉकहोममधील एक आठवण तिने स्वतः लिहून ठेवली आहे. प्रयोगानंतर लोकांचा जमाव तिच्या गाडीमागून हॉटेलपर्यंत मुकाट्याने चालत आला. ती सज्जात आल्यावर मात्र टाळ्यांचा कडकडाट झाला. हे सारे कशासाठी, असे तिने आपल्या दासीला विचारले. घटकाभर तुम्ही त्यांना दुःख विसरायला लावलेत म्हणून, अशा अर्थाचे उत्तर त्या साध्या बाईने दिले. आपण कशासाठी नाचतो याचा उलगडा आपल्याला त्या रात्री झाला, असे पावलोवा मानी.

१९०९ साली दियागिलेव्हने पॅरिसला रशियन बॅलेचा प्रसिद्ध हंगाम केला. त्याच्या भिंतीपत्रकावर चित्र होते ते पावलोवाचे. पण ती त्या संचात रमली नाही. पुढच्या वर्षी ‘अग्निपक्षी’ची भूमिका तिला देऊ केली असता स्ट्राविन्स्कीचे संगीत तिला मुळीच रुचले नाही. ती भूमिका तामारा कार्साविनाकडे गेली आणि तो बॅले इतिहासात अमर झाला. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. संगीताच्या बाबतीत पावलोवाची आवड जुन्या वळणाची होती. गोड, सोपे, डोलायला लावणारे संगीत तिला पुरे. ज्या काळात तिच्याच देशाचे संगीतकार जगाला हादरवून सोडत होते, त्या काळात ती दुय्यम दर्जाच्या रचनांवर नाचत राहिली. टीकाकारांनी तिला याचा दोष दिला आणि तो खोटा नाही. दियागिलेव्हने बॅलेत नवे काय करता येते ते राजधान्यांतील जाणत्यांना दाखवले. ज्यांनी बॅले कधी पाहिलाच नव्हता त्यांच्यापर्यंत तो नेण्याचे काम पावलोवाने पत्करले.

त्यासाठी तिने स्वतःचा संच उभारला. १९१२ साली लंडनच्या गोल्डर्स ग्रीन भागात तिने आयव्ही हाऊस नावाचे घर घेतले. तेथील तळ्यात हंस पाळले. जॅक नावाच्या तिच्या लाडक्या हंसाची मान तिच्या मानेभोवती असलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. इंग्रज मुली निवडून तिने त्यांना शिकवले. त्यांना रशियन नावे दिली, कारण रशियन नावाशिवाय लोक बॅलेवर विश्वास ठेवीत नसत. व्यवहार सांभाळायला व्हिक्टर दांद्रे होता, सहचर आणि व्यवस्थापक. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. त्या वर्षानंतर तिला मायदेशी जाणे कधीच जमले नाही. क्रांतीनंतर झार गेला, ती नृत्यशाळेची जुनी दुनिया गेली, आणि पावलोवा जन्मभराची प्रवासी झाली.

तिचे मुक्काम पाहिले तर आपल्या जुन्या नाटक कंपन्यांची आठवण होते. सामानाच्या पेट्या, पडदे, पोशाख, वादक, आजारी पडलेल्या मुली, चुकलेल्या गाड्या. रंगमंच मिळेल तो. लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये कसरतपटू आणि विनोदी नटांच्या मधोमध तिचा कार्यक्रम असे. न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोममध्ये १९१६ साली ती एका भव्य तमाशात सामील झाली, ज्यात हत्तीही होते. १९१९ साली मेक्सिकोत तिने बैलांच्या झुंजीच्या रिंगणात नृत्य केले आणि तेथील लोकनृत्य, मेक्सिकन पोशाखात, बोटांच्या टोकांवर करून दाखवले. लोकांनी आपल्या रुंद काठाच्या टोप्या रंगमंचावर उधळल्या. १९१७ साली पेरूच्या लिमा शहरात एका तेरा वर्षांच्या इंग्रज मुलाने तिला पाहिले आणि त्याचे आयुष्यच बदलले. तो मुलगा फ्रेडरिक ॲश्टन पुढे इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ नृत्यरचनाकार झाला. मिळवलेल्या पैशातून तिने पॅरिसजवळ सँ-क्लू येथे रशियन निर्वासितांच्या मुलींसाठी अनाथालय चालवले.

हिंदुस्थानात

१९२२ साली तिचा संच पूर्वेकडे निघाला. जपान, चीन, मलाया, ब्रह्मदेश करीत तो त्या वर्षाच्या अखेरीस हिंदुस्थानात आला. कलकत्ता आणि मुंबई येथे प्रयोग झाले. ज्या देशातील देवदासी तिने वीस वर्षांपूर्वी रंगवली होती, त्या देशात तिला आता खरे नृत्य पाहायचे होते. येईल त्याला ती तुमची नृत्ये कोठे आहेत, असे विचारी. कोणालाही उत्तर देता आले नाही.

त्याचे कारण आपल्या समाजाने ओळखले पाहिजे. १८९२-९३ पासून मद्रासकडे नाचाविरुद्ध चळवळ सुरू झाली होती. देवदासींच्या वाट्याला येणारे शोषण खरे होते आणि ते थांबवू पाहणारे सुधारक प्रामाणिक होते. पण त्या ओघात नृत्याचे नाव घेणेही सभ्य घरात लाजिरवाणे झाले. कला ज्यांच्या अंगात होती त्यांना कोणी पुढे आणीना, आणि जे पुढे होते त्यांना कला माहीत नव्हती. मुंबईहून रात्रभराच्या रेल्वेप्रवासावर, आमच्या बडोद्यात, तंजावरच्या नर्तिकांचा ताफा दरबारच्या पदरी होता. १८८० साली तंजावरच्या राजघराण्यातील लक्ष्मीबाई सयाजीराव महाराजांशी विवाह होऊन पहिल्या चिमणाबाई राणीसाहेब म्हणून येथे आल्या, तेव्हापासून ही परंपरा येथे रुजली. गौरा आणि कांतिमती ही त्यांतील नावे जुन्या बडोदेकरांच्या घरांत अजून ऐकू येतात. परंतु दरबाराच्या भिंतीबाहेर त्या कलेला प्रतिष्ठा नव्हती.

हिंदुस्थानच्या नृत्याची ओढ पावलोवाने चित्रांत आणि कथांत भागवली. अजिंठ्याची लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, आणि निजाम सरकारने नुकतेच, १९२० ते १९२२ या काळात, दोन इटालियन तज्ज्ञ आणून तेथील भित्तिचित्रांची निगा केली होती. त्या चित्रांवरून स्फूर्ती घेऊन ‘अजिंठ्याची भित्तिचित्रे’ नावाचा बॅले तिने १९२३ मध्ये लंडनला कॉव्हेंट गार्डनमध्ये सादर केला. त्याच हंगामात पूर्वेच्या आठवणींचा दुसरा कार्यक्रम होता. त्यात एक हिंदू विवाह आणि राधाकृष्ण अशी दोन नृत्ये होती, संगीत कोमलता बॅनर्जी यांचे. राधा स्वतः पावलोवा, आणि कृष्ण होता चित्रकला शिकायला लंडनला आलेला बावीस-तेवीस वर्षांचा तरुण उदयशंकर.

उदयशंकरही संस्थानी छत्राखालचाच. वडील झालावाड संस्थानच्या सेवेत होते. लंडनला जाण्यापूर्वी तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पं. विष्णु दिगंबरांच्या गांधर्व महाविद्यालयात शिकला होता. नृत्याची रीतसर तालीम त्याला नव्हती. चित्रे आणि मूर्ती पाहून अंगाची वळणे त्याने बसवली होती. पावलोवाबरोबर तो अमेरिकेचा दौराही करून आला. तिच्याजवळ बॅले शिकावे असे त्याच्या मनात आले, तेव्हा तिने ते मानले नाही. आपल्या देशात जा, तेथे जे आहे ते शोध, असे तिने त्याला सांगितले. पुढे उदयशंकरने स्वतःचा संच काढला, तेव्हा त्याचे संगीत पाहणारे विष्णुदास शिराळी हे हुबळीचे, पं. विष्णु दिगंबरांचेच शिष्य.

१९२८-२९ मध्ये पावलोवा पुन्हा हिंदुस्थानात आली. या वेळी मुंबईत तिला पाहणाऱ्यांत रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर दोघींचा सहवास घडला. रुक्मिणीदेवींनी पावलोवाच्या संचातील क्लिओ नॉर्डीकडे बॅलेचे धडे घेतले. त्यांनाही पावलोवाने तेच सांगितले, की आपल्या घरचे नृत्य शोधा. रुक्मिणीदेवींनी ते शोधले. १९३३ साली मद्रासला त्यांनी पंदनल्लूरच्या नर्तिकांचे नृत्य पाहिले, गुरू मीनाक्षीसुंदरम पिल्ले यांच्याकडे शिकल्या, १९३५ मध्ये लोकापवाद सोसून जाहीरपणे नाचल्या, आणि १९३६ मध्ये कलाक्षेत्राची स्थापना केली. मुंबईत लीला सोखे म्हणजेच मेनका यांनी कथ्थकसाठी असेच धाडस केले. त्यांनाही पावलोवाचे उत्तेजन मिळाले होते. मेनकांनी खंडाळ्याला नृत्यशाळा काढली आणि त्यांच्याच हाताखाली आपल्या दमयंती जोशी तयार झाल्या.

या साऱ्याचे श्रेय एका परदेशी बाईला देऊन टाकणे मात्र योग्य होणार नाही. नृत्य जिवंत ठेवले होते ते तंजावरच्या, लखनौच्या आणि आमच्या बडोद्याच्या निनावी कलावंतांनी, अपमान सोसून. त्यांच्या मुलींच्या हातून ते सुटत गेले आणि प्रतिष्ठित घरांतील मुलींनी ते उचलले, हीही या कथेची एक कडू बाजू आहे. पावलोवाने केले ते इतकेच, की जे आपल्या घरातच होते आणि ज्याकडे आपण पाठ केली होती, त्याची तिने परक्याच्या उत्सुकतेने चौकशी केली. जगातील सर्वांत नावाजलेल्या नर्तिकेने विचारले, म्हणून आपण वळून पाहिले.

अखेर

पन्नाशी जवळ आली तरी प्रवास थांबला नव्हता. गुडघा दुखे, थकवा येई, पण संचाची पन्नास पोटे तिच्या पायांवर उभी होती. डिसेंबर १९३० मध्ये घराजवळ गोल्डर्स ग्रीनला प्रयोग करून ती विश्रांतीसाठी दक्षिण फ्रान्सला गेली. तेथून परतताना वाटेत रेल्वेला अपघात झाला आणि कडक थंडीत अपुऱ्या कपड्यांनिशी ती गाडीबाहेर उतरली, असे सांगतात. छातीत थंडी भरली. जानेवारीत ती हॉलंडमधील हेग शहरी पोचली ती आजारीच. फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली होती. २३ जानेवारी १९३१ रोजी पहाटेपूर्वी, ‘ओतेल देझॅंद’ या हॉटेलात तिचा अंत झाला. पन्नासावा वाढदिवस अवघ्या तीन आठवड्यांवर होता. अखेरच्या क्षणी तिने हंसाचा पोशाख तयार ठेवायला सांगितला, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कशीही असो, तिच्या चाहत्यांना ती खरी वाटली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत लंडनला एका नृत्यसंस्थेचा प्रयोग होता. मध्ये वाद्यवृंदाने सँ-साँसचा ‘हंस’ सुरू केला आणि पडदा वर गेला. रंगमंचावर कोणी नव्हते. प्रकाशाचा एक गोल, ती जेथे जेथे सरकत असे, तेथे तेथे फिरत राहिला. प्रेक्षक उठून उभे राहिले. गोल्डर्स ग्रीनच्या दहनभूमीत तिच्या रक्षेचा कलश ठेवला आहे. २००१ च्या सुमारास तो मॉस्कोला नेण्याचा बेत झाला, पण तो अखेर रद्द झाला.

तिच्या नावाने आता कितीतरी गोष्टी ओळखल्या जातात. अंड्याच्या पांढऱ्या बलकाची, वर साय आणि फळे घातलेली एक मिठाई तिच्या दौऱ्यांनंतर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पावलोवा या नावाने रूढ झाली, आणि ती आधी कोणी केली यावरून दोन्ही देशांत गोड भांडण चालते. अवकाशातील एका लघुग्रहालाही तिचे नाव आहे. १९२४-२५ च्या सुमारास हॉलिवूडमध्ये घेतलेल्या मूकपटाच्या तुकड्यांत तिचा हंस आजही पाहता येतो. चित्र धूसर आहे, हालचाल थोडी धावती आहे, तरी ते हात पाहिले म्हणजे ऐकीव कीर्ती खोटी नव्हती हे पटते.

आणि एक गोष्ट आमच्या गावची. सयाजीराव विद्यापीठात नृत्याचा विभाग निघाला तेव्हा त्याचे प्रमुख म्हणून आले मोहन खोकर, रुक्मिणीदेवींच्या कलाक्षेत्राचे विद्यार्थी. त्याच विभागात शिकवायला होते कुबेरनाथ तंजावरकर, दरबारच्या त्या कांतिमतींचे चिरंजीव. भिंतीआड राहिलेली कला आणि बाहेर शोधून पुन्हा शिकलेली कला, अशा दोन वाटा येथे एका वर्गात येऊन भेटल्या. तेथे शिकलेल्या मुलींपैकी बहुतेकींनी पावलोवाचे नाव ऐकले असेल ते मिठाईमुळे किंवा हंसामुळे. तिने कलकत्त्यात आणि मुंबईत विचारलेला साधा प्रश्न त्यांना कोणी सांगितला नसेल. तो त्यांना सांगावा, आणि सांगताना गौरा आणि कांतिमती यांचीही नावे घ्यावीत.